पेन्सिलचे ग्लोव्हज

...नाही, पण जागा ‘भरून निघाली’ म्हणजे काय हो? बसमधली सीट आहे का ती? एक उतरला, दुसरा टेकला? तुम्हाला सांगतो, टीव्हीवर सामना सांगणाऱ्या त्या बाईला मी तोंडावर विचारलं असतं, पण ती काचेच्या आत आणि मी बाहेर! चार शेजारी देशांच्या बायकांची स्पर्धा, सामने आपल्याच गावात, आपली टीम मैदानात उतरतेय, आणि ही बाई मध घातलेल्या आवाजात म्हणते, "स्टंपमागची रिकामी जागा या नव्या मुलीनं छान भरून काढली आहे!" अहो, कुणाची जागा? माझ्या ताईची! ताई बसायची तिथे, गुडघे मोडून, आख्खा दिवस. मग तिला ताप आला, डॉक्टर म्हणाले साधा आहे, आणि ताई गेली. साधा ताप! ...राहू दे. ते मी सांगतच नाहीये. मी सांगतोय त्या पेन्सिलबद्दल.

पेन्सिल म्हणजे ती नवी पोरगी. नाव मीच ठेवलं. अंगावर मूठभर मांस नाही, हेल्मेट घातलं की खोडरबर लावल्यासारखी दिसते. आता यावर लोक म्हणतात, मी जळतो. मी? छे! मी कशाला जळू?

पहिल्याच सामन्यात तिनं झेल सोडला. हातात आलेला, आयता! आमच्या सीटकव्हरच्या दुकानात टीव्ही चालू होता, सगळे "अरेरे" करतायत आणि मी एकटा टाळ्या वाजवतोय. मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "गाढवा, झेल आपला सुटला."

"माहितेय, मालक."

"मग टाळ्या कसल्या?"

मी घर्रर्र करून शिलाई मशीन सुरू केलं, म्हणजे त्यांचं ऐकू येत नाही आणि माझं उत्तर द्यायचं राहून जातं.

पण झेल का सुटला, ते मला बघताक्षणी कळलं होतं. ग्लोव्हज कोरे! कोरा ग्लोव्ह म्हणजे निव्वळ पुठ्ठा, चेंडू येतो, आपटतो आणि पाहुण्यासारखा दारातूनच परत जातो. ताईची नवी जोडी आली की ती मऊ करायचं काम माझं. शाळा मी सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही, पण हे काम मला यायचं. गल्लीत उभं राहायचं, ताईनं चेंडू हाणायचा, मी धरायचा, तळहात टोमॅटो होईस्तोवर. ताई म्हणायची, "बबड्या, आधी तुझे हात मऊ होतात, मग ग्लोव्हज!" आणि हसायची अशी, की पुढचा चेंडू हमखास माझ्या नडगीवर.

असो! तर घरी काय चाललेलं? आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. ताई गेल्यापासून तशीच. मी चहा केला, तिनं कूस बदलली नाही. भात करपवला, मुद्दाम, म्हटलं निदान शिव्या घालेल... नाही! एकदा तर स्टुलावरून पडलो, चांगला भांड्यांवर, आवाज करून! "लागलं का रे?" एवढं तरी? नाही हो! उठून भांडीसुद्धा मीच गोळा केली.

आणि एके दिवशी दारात कोण? पेन्सिल! चपला हातात, काखेत ते पुठ्ठे. "ताई सांगायच्या, त्यांचा भाऊ ग्लोव्हज मऊ करून देतो... दोन दिवसांनी फायनल आहे आणि माझे झेल..."

मी म्हटलं, "दुकान बंद आहे."

आतून कॉट करकरली. "कोण आलंय रे?" आई! उभी! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पण उभी! पेन्सिलकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, किती वाळलीस गं तू! जेवतेस की नाही?" आणि मी? मी काय फुगलो होतो का? माझी पँट सुतळीनं बांधलेली, ती दिसली नाही! माझ्यासाठी उठली का? स्टुलावरून पडलो तेव्हा उठली का? पण जळतो म्हणाल तर... छे!

मग ते ग्लोव्हज माझ्यापुढे केले आणि म्हणाली, "घाल हातात."

"आई, मी दमलोय."

"घाल म्हणते ना!"

बाह्या सरसावल्या आणि आली गल्लीत. स्वतः! आईनं आयुष्यात चेंडू फेकला नव्हता. पहिला गटारात, दुसरा माझ्या कपाळावर, तिसरा मात्र बरोब्बर तळहातात, सण्णकन! तिथून जी फेकायला लागली ती थांबेचना. मी मनात ठरवलेलं, डावा मऊ करायचा आणि उजवा तसाच कोरा ठेवायचा. बसू दे बोंबलत फायनलला! पण आईनं दोन्ही दाबून बघितले, कानाशी धरले. "उजवा कुरकुरतोय. हो उभा परत." सांगा, कुणाकडे दाद मागायची?

फायनल. समोर शेजारी देशाची टीम. शेवटचा चेंडू, त्यांना दोन धावा हव्यात, शेवटची जोडी. त्यांची पोरगी पुढे धावत आली, बॅट फिरली, चेंडू हुकला, आणि पेन्सिलच्या हातात असा बसला, असा, की आवाजसुद्धा नाही! बेल्स उडाल्या! गल्ली नाचायला लागली, आई उठली, हात पसरले, मीपण पसरले, म्हटलं आता तरी... आणि मिठी मारली कुणाला? टीव्हीला! वर म्हणते, "पोरीनं लाज राखली." अहो, आणि हात कुणाचे सुजले? जळतो मी! जळतोच! करा काय करायचं ते!

बरं, स्पर्धा संपली. म्हटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. पेन्सिल. आणि तिच्यामागे हरलेल्या शेजाऱ्यांची कीपर! डोळे रडून लाल, काखेत कोरी करकरीत जोडी. कीपर-कीपर मैदानात काय कुजबुजतात ते आत्ता कळलं! मोडक्या-तोडक्या भाषेत म्हणते, "काकू... माझे पण?"

मी ओरडलो, "आई, ही त्यांची आहे! हिनं आपल्या तिघींना बाद केलं!"

आई म्हणाली, "पोरगी रडून आलीय, दिसत नाही का तुला?"

मला दिसत नाही! मला! माझे सुजलेले पंजे मी तिच्या नाकासमोर धरले, आणि तिनं मला विचारलं काय? "दुखतंय का?" नाही. "जेवलास का?" नाही. विचारलं, "चेंडू कुठे ठेवलास?"

...दिला काढून. काय करता?