घोड्याची शेपटी

बसच्या रांगेत माझ्यापुढे पॅकिंगच्या बाई आणि गोदामाचे भाऊ उभे होते, चित्रकोडी जुळवायला लावणाऱ्या प्रशिक्षणातून नुकतेच सुटलेले.

“भाऊ, आमच्या चित्रातल्या घोड्याची शेपटी तुमच्या डब्यात आहे, हे कधी कळलं?”

“डबा उघडला तेव्हाच. म्हटलं, मागायला याल.”

“आणि तुमच्या जहाजाचं शीड माझ्या हातात! म्हटलं, गरज असेल तर येतील.”

“दोघांचंही चित्र अर्धवट. बक्षीस कॅन्टीनवाल्यांना!”

“टेबलाटेबलावर मागत फिरले की ते!”

“शिकवणाऱ्या सरांनी मला विचारलं, कामातही असेच गप्प बसता का?”

“मग?”

“म्हटलं, छे! कामात आम्ही ईमेल पाठवतो.”

“साहेबांना सीसीत ठेवून!”

दोघं इतकी हसली, की बस निघून गेली.

“बरं भाऊ, माझे खोके? ईमेल करून महिना झाला.”

“केव्हाचे बांधून ठेवलेत. म्हटलं, मागायला याल.”