बांध कुठे कच्चा आहे

बस की, तान. उभ्या उभ्या विचारलंस म्हणून उत्तर काही लवकर मिळणार नाही. नदीचा बांध कुठे कच्चा आहे, एवढंच हवंय ना सेनापतींना? — ठाऊक आहे मला. सगळा बांध मीच पायी फिरून पाहिलाय. पण आधी ही राळ्याची पेज तरी पिऊ दे. हे तुझे सेनापती शेन कुआंग घोडे विकत फिरायचे ना, तेव्हा मला ‘गुरुजी’ म्हणायचे, स्वतःच्या हाताने दारू गरम करून द्यायचे. पहिला किल्ला मी दाखवलेल्या वाटेने घेतला, दुसरा तर न लढताच मिळवून दिला — आणि आता? आता सल्ला विचारतात तो नुसती मान डोलावून घ्यायला. यिनचेंगला हिवाळाभर वेढा घातला, शहर पडत नाही, तर म्हणे बांध फोडा, नदी घाला त्याच्यावर. नदी काय फक्त तटालाच धडकणार आहे? मधली गावं? — काल तंबूत सगळ्यांसमोर विचारलं मी. तर म्हणाले, “म्हाताऱ्याला थंडी वाजायला लागली.” सगळे हसले. तूही हसलास, पाहिलं मी. असू दे, हसावंच लागतं तिथे.

आणि गावं रिकामी करायला असं काय लागतं? गाड्या लागतात, आणि सांगायला ओळखीचं माणूस — माझ्या बायकोचं ऐकतात लोक, पहाटेच गेली ती, निरोपही आला तिचा, तुझी आई आधी निघायलाच तयार नव्हती, म्हणे कोंबड्या कोण बघणार —

हं. बोलून गेलो.

हो, तुझी आई. तुझं गाव ल्यूजुआंग पाण्याखाली जाणार, हे सेनापतींनी तुला सांगितलं असतं असं वाटलं तुला? टेकडीवर पोचली असेल ती आता. पण खालच्या गावांतली माणसं अजून वाटेत आहेत, त्यांना संध्याकाळपर्यंत वेळ हवाय. म्हणून जागा सांगणार नाही मी. म्हातारा तोंड उघडत नाही, एवढंच सांग त्यांना. मग ते माझे हाल करतील — करू देत, त्यात दिवस मावळेल.

तलवारीवरचा हात का काढलास? — रडू नकोस, तान. अंगणात घोडे आलेत, ऐकतोयस ना? असा दिसलास तर तुझंही डोकं जाईल. ती दोरी घे. माझे हात बांध — अरे घट्ट, असं कोण बांधतं? — हां. आता दार उघड. आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस.