नागपंचमीचे मंचुरियन

नागपंचमीला चिरणे-तळणे निषिद्ध का, हे तुम्ही मला विचारता. त्यातून सुटका कशी होते, ते ऐका. पिंपळे गुरवातल्या आमच्या शेजारच्या सूनबाईंनी तोडगा काढला, की दुसऱ्याने तळलेले चालते. मग त्यांच्या सासूबाई शेवंताबाई आणि मी, अशा आम्हा दोघांनाही त्यांनी चायनीज खायला नेले.

मंचुरियन आले, तोच शेवंताबाईंना भिंतीवरचा ड्रॅगन दिसला. त्या ताडकन उठल्या.

"नागाच्या म्होरं तळलेलं खायचं? चल घरी!"

सूनबाई काकुळतीला आल्या. "सर, तुमचा तर सणवारांचा अभ्यासच हाय. सांगा की, ह्यो नाग न्हाई म्हणून!"

मी सावधपणे म्हणालो, "याच्या कुळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ड्रॅगनला चार पाय असतात."

शेवंताबाई पुन्हा टेकल्या.

"पाय हायेत व्हय? मंग सरडा हाय त्यो. सरड्याची कुठं पंचमी असती? सरकव ती प्लेट!"