पाण्यात पुन्हा मोजायचं असतं

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं, धक्का शंभर हातांवर, पाणी शांत, बोटीत एकतीस प्रवासी — बुडालेल्या फेरीबोटीच्या चौकशीचा अहवाल असा सुरू होतो, मालक, मला पाठ आहे तो. आणि म्हणूनच सांगतो, तुमची बोट अशी ठोकळ्यांवर उभी असताना मी एंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत लावून देईन, पण काम झालं असं म्हणणार नाही. ती पाण्यात जाऊ दे, टाकी भरू दे, एक दिवस डुलू दे, मग मी पुन्हा आत उतरेन आणि मोजेन. परवापासून माणसं न्यायचीत? मग तेरवापासून न्या.

का म्हणजे? बोट म्हणजे काय दगडी जोतं आहे? इथे तिचं पोट चार ठोकळ्यांवर टेकलंय, पाण्यात तिला सगळीकडून आधार मिळतो — आकार बदलतो. केसभरच. वाका जरा, हे बघा — ही एंजिनाकडची तबकडी, ही शाफ्टाची. बोल्ट काढायचे, दोघींना तोंडाला तोंड लावायचं आणि फटीत हे कागदासारखं पातं सरकवायचं — वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारही ठिकाणी सारखंच अडलं पाहिजे. नाही अडलं तर एंजिनाचे पाय उचला, खाली पत्रा सारा, पुन्हा मोजा. भावाभावांच्या वाटणीसारखं असतं हे, एकाला केसभर जास्त दिलं की दुसरा बोंबललाच. हसू नका — हसा, हसा, मीही हसायचो.

अहवालातली ती फेरीबोट मीच लावली होती. हो, याच ठोकळ्यांवर. चांगली लावली होती, पातं चारही बाजूंना सारखं अडत होतं, आजही शपथेवर सांगेन — जमिनीवर. तिच्यावरचा एंजिनवाला माझा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा नवरा. बोट उतरून तीन दिवस झाले नि त्याचा फोन आला. म्हणाला, दादा, पायाखाली काहीतरी गुणगुणतंय, येऊन हात लावून बघता का? मी काय म्हणालो असेन? म्हणालो, एंजिनाच्या पायांखालची रबरं नवी आहेत, बसतील आपोआप, तोवर तू चाल लाव त्याला. तो हसला. म्हणाला, तुम्ही म्हणता तर बसतील.

सरळ जाताना पंखा शाफ्टाला आत ढकलतो, मालक, आणि उलट फिरला की बाहेर ओढतो. आठवडाभर थरथरून बोल्ट चिरलेले. धक्का जवळ आला, वेग कमी करायला उलटा गिअर टाकला आणि तबकडी सुटली — शाफ्ट मागे निसटून गेला. राहिलं एक भोक, मुठीएवढं. आत येणारं पाणी काही मुठीएवढं नसतं. शेजारच्या होडीने एकतीसच्या एकतीस माणसं उचलली, एकाच्या पायाला ओल लागली नाही म्हणे. कारण कुणीतरी खाली होतं. सदरा काढून भोकात कोंबला होता, आणि तो तिथून निघू नये म्हणून पाठ लावून बसला होता. तसाच सापडला.

अहवालात लिहिलंय, तांत्रिक बिघाड. बस्स. बिघाडाला आईबाप नसतात का हो? आभाळातून पडतो तो?

माझ्या घरी — आता तुम्हाला कशाला सांगतोय, पण — फळीवरच्या ताटल्या वाजतात. खालून गाडीही गेलेली नसते. मी उठतो, भिंतीला तळवा लावतो, जमिनीला लावतो. बायको म्हणते, काही नाही, झोपा. पण मला ते तळव्यात लागतं, तेच, गुणगुणणं. बहिणीकडे जायचं मी टाळतो. तिने एकदाच विचारलं होतं, दादा, बोट पाण्यात गेल्यावर तू मोजलं होतंस ना? मी हो म्हणालो. तिच्या स्वयंपाकघरात, तिने दिलेला चहा हातात धरून, हो म्हणालो.

नव्हतं मोजलं. ऑफिसातून बोलवलंच नाही मला कुणी, आणि मेव्हण्याने बोलावलं तरी मीही गेलो नाही. — तुमच्या हातात काय आहे? दाखवा. हं. ‘पाण्यात तपासले’चा दाखला ऑफिसातून आणलात होय आधीच? सही आहे ना खाली? माझीच. कारकून सोमवारी दाखल्यांचं पुस्तक घेऊन येतो, मी हात धुऊन वीस कोऱ्या पानांवर सह्या करून टाकतो, म्हणजे आठवडाभर तेलाच्या बोटांनी कागद खराब होत नाहीत. ही इथली रीत. सोय म्हणून मीच सुरू केली ती. अजून चालू आहे, बघा — अजून! आणि मीही करतोय.

द्या इकडे तो. फाडला. जा ऑफिसात, सांगा त्यांना, मी फाडला. जा म्हणतोय ना! त्या फेरीबोटीचाही असाच कागद अहवालाला जोडलाय, बेचाळिसाव्या पानावर. ‘पाण्यात तपासले’, तारीख दहा, खाली माझी सही. धक्क्याच्या नोंदवहीप्रमाणे बोट पाण्यात उतरली अकरा तारखेला. दहा हा आकडा माझ्या हाताने लिहिलेला नाही.