अंदाजापुरतं इटालियन

विमानतळावर, प्रवासी बाहेर येतात त्या कठड्याशी, माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. मुलगा आपल्या इटालियन बायकोला पहिल्यांदाच घरी आणत होता.

"अहो, सूनबाईशी काय बोलणार? एकदा म्हणून दाखवा."

"‘तू दमली असशील.’"

"छान! पुढे?"

"‘भूक लागली असेल.’"

"सारखं असेल-असशील काय? सरळ विचारा की!"

"विचारायचे धडे बुडाले माझे. अंदाजाचा तेवढा धडा झालाय. इटालियनमध्ये मी फक्त अंदाज बांधू शकतो."

"आणि तिने बाथरूम कुठे विचारलं तर?"

"‘उजवीकडे असेल.’"

"आपल्याच घरात?"

"ठासून सांगेन."

"थट्टा पुरे. वर्षभर फोनवर तुम्ही तिच्याशी चकार शब्द बोलला नाहीत. पोरीला वाटतंय, ती तुम्हाला पसंत नाही."

"भाषा येत नव्हती गं! म्हणून तर क्लास लावला."

"हे तिला कसं कळणार?"

"वाक्य बसवलंय ना. ‘तुला मी खडूस वाटत असेन. पण नसेन.’"

"स्वतःबद्दलसुद्धा अंदाजच?"

"तेवढंच येतं."

"आली, आली! ती बघा, पिवळी बॅग! पोरगा सामानापाशी मागे राहिलाय, तुम्हीच बोला!"

तो बोलला. सुनेने बॅग सोडली, त्याचे दोन्ही हात धरले आणि बोलतच सुटली.

"काय म्हणतेय हो?"

"एवढ्या वेगात काय डोंबल कळणार! पण हात सोडत नाहीये, म्हणजे चांगलंच म्हणत असेल. आता मी काय करू?"

"काही नका करू. रडताय तेच चालू ठेवा."