दुसऱ्या बेसवरचा पाय

(सॉफ्टबॉलचं मैदान, नाशिक. सकाळी दोन म्हातारे अंपायर कालच्या सामन्याच्या पताका उतरवतायत.)

सावळीराम : तुझा विश्वास बसणार नाही, निसार. तुझाच काय, तुझ्या माजिदाचाही बसणार नाही, आणि ती बाई तर एवढी वर्षं तुझ्यावर विश्वास ठेवून आहे.

निसार : दोरी सोड आधी. मग बोल.

सावळीराम : काल प्रतिभा आली होती.

निसार : जुन्या सगळ्या पोरी आल्या, आज्या होऊन. तीच तेवढी आली नाही.

सावळीराम : सगळे पांगल्यावर आली. तू घरी गेला होतास. आणि हातात काय, तर तोच चेंडू.

निसार : तो तर तिच्या त्या सामन्यातच हरवला.

सावळीराम : हरवतोय कसला. रस्त्यानं द्राक्षांचा ट्रॅक्टर चालला होता, त्यात पडला. दिंडोरीत ज्या घरी क्रेट उतरले, तेच पुढं तिचं सासर झालं. नवरीच्या आधी चेंडू माप ओलांडून आत.

निसार : हळद लावली होती का त्याला?

सावळीराम : हस तू. मुद्दा निर्णयाचा आहे. फेकलेला चेंडू हद्दीबाहेर गेला, की धावणारीला...

निसार : मला नको शिकवू. दोन बेस. चेंडू हातातून सुटला तेव्हा जिथं पाय लागून झालाय, तिथून पुढं दोन. तिचा दुसऱ्या बेसला लागला असता तर थेट होम, धाव पूर्ण, सामना तिचा. तू म्हणालास, लागला नव्हता. तिसऱ्यावर उभी केलीस, आणि हरली ती.

सावळीराम : वीतभर राहिला होता.

निसार : तू पाय बघत होतास की तोंड?

सावळीराम : अंपायर होतो मी.

निसार : अंपायर नंतर. तिचा सराव असला की तुझी सायकल नेमकी इथंच पंक्चर व्हायची.

सावळीराम : पाय बघितला मी. आता डोळे मिटले की चेहराच दिसतो, ते वेगळं.

निसार : त्यानंतर ती तुझ्याशी एक शब्द बोलली नाही, लेका.

सावळीराम : काल बोलली ना. त्या बाकावर बसली, माझ्या शेजारी. म्हणाली, ‘अंपायर, पाय लागला नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. उगाच अबोला धरला.’

निसार : असं म्हणाली?

सावळीराम : अगदी असंच. आणि उठताना म्हणाली, येते परत.

निसार : चेंडू कुठाय मग?

सावळीराम : घेऊन गेली. परत यायला निमित्त नको का काही?

निसार : सावळ्या.

सावळीराम : हं.

निसार : काल मी घरी गेलो नव्हतो. फाटकापाशी तुझ्यासाठी थांबलो होतो. बाकावर तू एकटाच होतास.