मब्रूकाबाईंनी दिलेली मुलाखत

आदरणीय अध्यक्षा डॉ. राधियाबाई, फिनलंडहून आलेले पाहुणे प्राध्यापक तापानी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेल्या स्फॅक्सकर बंधुभगिनींनो,

आपली विदाद उद्या फिनलंडला निघते आहे. सहा महिने तिथल्या विद्यापीठात राहून मध्यस्थीचं काम शिकेल. ही निवड कशी झाली, हे मला सांगितलंच पाहिजे. कारण मी साक्षीदार आहे.

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाची सगळी मुलं तिथल्या मुलाखतीत नापास झाली. का? "तुमचे गुण सांगा," म्हटलं की आपली मुलं म्हणायची, "ते सरांना विचारा." तिकडून पत्र आलं, यंदा एकही निवडला गेला नाही तर दोन्ही संस्थांमधला करार संपला. मग वर्षभर मी मुलांना स्वतःबद्दल बोलायला शिकवलं. स्वतःबद्दल गप्प राहण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे सोडा.

यंदा शेवटचा नंबर विदादचा. घरून, संगणकावर; मीही त्या कॉलवर होतो. तापानींनी गुण विचारले. विदाद म्हणाली, "ते सरांना विचारा." तेवढ्यात मागून मक्रूद मिठाईचं ताट घेऊन तिच्या आई मब्रूकाबाई आल्या.

"हिला काय विचारता? मी सांगते," म्हणाल्या. आणि अरबीत पाच मिनिटं थांबल्या नाहीत.

तापानींनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

विदाद म्हणाली, "आई म्हणते, बरी आहे."

"पाच मिनिटांत एवढंच? शब्दन् शब्द सांगा."

बिचारीचे कान लाल झाले. पण सांगितलं. शेजारचे दोघे भाऊ भिंतीच्या वादावरून आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांना हिने एका टेबलाशी बसवलं. बंदरावरच्या बायकांना अर्ज लिहायला शिकवलं. आणि सकाळी हलवल्याशिवाय उठत नाही. हेही सांगितलं, एक शब्दही न गाळता.

मग मब्रूकाबाईंनी तापानींनाच धरलं. "तुझी आई कुठे असते रे? शेवटचं कधी बोललास?"

विदादने तेही भाषांतरित केलं. मी इकडे डोळे मिटून घेतले. करार गेला, असं धरूनच चाललो.

तापानी म्हणाले, "ईस्टरला."

"मग आधी तिला फोन कर. निकाल नंतर लाव."

निकाल दुसऱ्या दिवशी आला. विदादची निवड, करार तीन वर्षं पुढे. शेऱ्यात लिहिलं होतं, "अवघड गोष्ट न लपवता दोन्हीकडे पोचवते." वर्षभर मी जे शिकवत होतो, ते हे नव्हतंच, हे इथे कबूल करतो.

विदाद, जपून जा. आपण सगळे आलात, आभारी आहे. मब्रूकाबाई उठून माइककडे येताना दिसतायत, म्हणून आवरतं घेतो. माझं काय काय चुकलं ते त्या सांगतीलच; आपण मात्र उदार मनाने क्षमा करावी.